खाष्ट सासू, सोशिक सून आणि ती दुसरी बाई: हे साचे आले कुठून?

कृष्णाकाठ:
मराठी मालिका, सिनेमे, नाटकं यातल्या बायका ठरावीक चार-पाच प्रकारच्याच का असतात आणि हे प्रकार मुळात आले कुठून, हे इथल्या जाणकारांना विचारायचंय. संध्याकाळी सातनंतर मी आणि माझ्या सासूबाई एकत्रच टीव्ही बघतो, आमचं दोघींचं छान जमतं, आणि हे मुद्दाम सांगतेय कारण अशी जोडी मालिकेत फार दिसत नाही. आता असं झालंय की नवीन बाई दारातून आत आली की ती तोंड उघडायच्या आधीच आम्हाला कळतं ही कोण ते. केस मोकळे, बिनबाह्यांचा ब्लाउज, बोलताना एक भुवई वर, म्हणजे ही घर फोडणार. वेणी, साधा ड्रेस, देवघरासमोर डोळे मिटून उभी, म्हणजे हिचे हाल होणार. माहेरी परत आलेली आत्या असेल तर ती कान भरणार, अंगाने जाड मैत्रीण असेल तर ती फक्त खाणार आणि हसवणार, कामवाली असेल तर ती गावाकडची भाषा बोलणार आणि तिला स्वतःचं घर, मुलं, दुखणं-खुपणं काहीच नसणार.

आमच्या भिशीतल्या एकीचं म्हणणं की हे सगळं २००० नंतर हिंदीतल्या सास-बहूमुळे आलं, त्याआधी मराठीत असं नव्हतं, १९९९ मध्ये 'आभाळमाया' आली त्यातली सुधा कॉलेजात शिकवणारी बाई होती की. पण मला ते पटत नाही, कारण लहानपणी भोंडल्याला आम्ही जी गाणी म्हणायचो त्यातपण हीच सासू होती ना? आणि दुसरा प्रश्न, साचा असणं नेहमी वाईटच असतं का? सासूबाई म्हणतात, "अगं पोळ्या लाटता लाटता बघतो आपण, चेहरा बघून कळायला नको का कोण कुठली ते?" यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही सांगा.

जात्यावरची:
ताई, तुमचं बरोबर आहे, हे हिंदी मालिकांच्या कितीतरी आधीचं आहे. श्रावणातल्या कहाण्या काढून बघा. सोमवारच्या शिवामुठीची कहाणी, आटपाट नगरातल्या राजाला चार सुना, तीन आवडत्या आणि एक नावडती. आवडत्यांना चांगलं खायला ल्यायला आणि नावडतीला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांचं बेडं आणि काम गुराख्याचं. ती नावडती का झाली हे कहाणीत कुठेही सांगितलेलं नाही. आपणही लहानपणी कधी विचारलं नाही. ती नावडती आहे, एवढीच तिची ओळख, आणि ती रानात जाते, तिथे नागकन्या, देवकन्या भेटतात, वसा घेते आणि शेवटी आवडती होते. आजच्या मालिकेतली सोशिक सून हीच, फरक इतकाच की कहाणी पाच मिनिटांत संपते आणि मालिका पाच वर्षं चालते.

पण भोंडल्याच्या गाण्यांबद्दल मला थोडं वेगळं म्हणायचंय. कारल्याचा वेल आठवा, सून माहेरी जाऊ का विचारते तर सासू म्हणते वेल लाव मग जा, मग वेलाला फूल येऊ दे, मग कारलं येऊ दे, मग भाजी कर, असं पुढे पुढे ढकलत जाते. आता ते गाणं म्हणतंय कोण? सून म्हणतेय. सगळ्या सासुरवाशिणी हत्तीभोवती फेर धरून म्हणतायत आणि सासू तिथे नाहीये. म्हणजे ती एका बाजूने केलेली तक्रार आहे आणि ज्यांना तोंड उघडायची सोय वर्षातून ह्या थोड्या दिवसांतच होती त्यांनी ती केलेली आहे, म्हणून मला ती खरी वाटते आणि मी त्या गाण्याला साचा म्हणायला तयार नाही.

आणि अजून एक भोंडल्याचं गाणं आहे, सुनेला माहेरचं मूळ, म्हणजे न्यायला माणूस, आलंय, ती सासूला विचारते तर सासू म्हणते मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. सासरा म्हणतो दिराला विचार. असं करत करत शेवटी नवऱ्यापर्यंत जातं. बघा, त्या गाणाऱ्या बायकांना नीट माहीत होतं की सासूच्या हातात काही नाही, ती मधली पायरी आहे. हे मालिकेतून पार गेलं. मालिकेत घरातली सगळी सत्ता सासूची असते आणि सासरा कोपऱ्यात पेपर वाचत बसलेला गरीब माणूस असतो.

जात्यावरच्या ओव्यांत तर सीतेच्या सासुरवासाच्या ओव्याच ओव्या आहेत आणि त्यात सासुरवास करणारी कैकयी. ग्रामीण बायकांकडून गोळा केलेल्या ओव्यांचा जो मोठा संग्रह पुण्यात हेमा रायरकर आणि गी पॉइटविन यांनी उभा केला त्यात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, आणि त्यात सासू छळणारी आहे तशी देवासारखी मानलेली सासूही आहे. दोन्ही एकाच बाईच्या तोंडी असू शकतात, सकाळी एक आणि दुपारी दुसरी. खरं माणूस असंच असतं.

रंगपट:
लोककथेचं वर आलंच आहे, मी नाटकाचं सांगतो कारण ही सोशिक बायको शहरी मध्यमवर्गाच्या मनात पक्की बसवली ती संगीत नाटकाने असं माझं ठाम मत आहे. 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं, गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. त्यातली सिंधू म्हणजे दारुड्या नवऱ्याचे पाय न सोडणारी, माहेरचं सगळं वैभव नाकारून दळण दळणारी, मरेपर्यंत नवऱ्यावर एक शब्द येऊ न देणारी बायको. आणि ही भूमिका केली बालगंधर्वांनी. म्हणजे आदर्श मराठी बायको कशी बोलते, कशी रडते, पदर कसा घेते हे एका पुरुषाने रंगवलेलं आणि दुसऱ्या पुरुषाने लिहिलेलं. मी बालगंधर्वांचा भक्त आहे, त्यांच्या रेकॉर्डी ऐकत मोठा झालोय, त्यांना कमी लेखायचा प्रश्नच नाही. पण घराघरातल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला, त्यांच्यासारखी केशभूषा करायला लागल्या हे सगळे कौतुकाने सांगतात, तेव्हा मला वाटतं की नुसतं नेसणं उचललं गेलं नसणार, ते सोसणंपण उचललं गेलं असणार.

गंमत म्हणजे त्याच नाटकात गीता आहे, तळीरामाची बायको. तिचाही नवरा दारुडाच. ती फटकळ आहे, नवऱ्याला तोंडावर सुनावते. सिंधूला लोक रडले आणि गीतेला हसले. दोघींचं दुःख एकच पण जी गप्प बसली ती नायिका झाली आणि जी बोलली तिच्या वाट्याला हशा आला. माझ्या मते आपल्याकडच्या साच्यांचं मूळ इथे आहे, बाई चांगली की वाईट हे ती बोलते किती यावरून ठरतं.

तमाशातली मावशी बघा. गणानंतर गौळण येते, गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, आणि गवळणींची म्होरकी ही मावशी. ती कृष्णालापण सोडत नाही, हजरजबाबी, चावट, देवाची फिरकी घेणारी. सगळ्या गौळणीत खरी अक्कल तिचीच. आणि ती भूमिका परंपरेने पुरुष करतो. देवाला उलटं बोलायची मुभा बाईला मिळाली ती लुगडं नेसलेल्या बाप्याच्या तोंडून मिळाली.

जुनी_तिकिटं:
सिनेमाचं मी सांगते. आधी एक गोष्ट, मराठी सिनेमा सुरुवातीला इतका साचेबद्ध नव्हता. १९३७ चा 'कुंकू', प्रभातचा, शांतारामबापूंचा. तरुण नीरेचं लग्न फसवून म्हाताऱ्या विधुराशी लावून देतात आणि ती ते लग्न मानतच नाही, सरळ सांगते की दुःख भोगता येईल पण हा अन्याय मी मान्य करणार नाही अशा थाटात सगळा सिनेमाभर ताठ उभी राहते. शांता आपटेंनी केलीय नीरा. घरात एक कजाग काकू आहे खरी, पण म्हाताऱ्याची विधवा मुलगी जी आहे ती समाजकार्य करणारी, शिकलेली, आणि ती नीरेच्या बाजूने बोलते. म्हणजे ज्या मुलीने सावत्र आईचा दुस्वास करायचा अशी कथेची रीत, ती इथे तिला साथ देते. दोन वर्षांनी 'माणूस' आला, त्यात शांता हुबळीकरांची मैना, वेश्यावस्तीतली बाई, पण तिला स्वतःचा विचार आहे, स्वाभिमान आहे, लग्नाचं आमिष दाखवलं की ती विरघळून जात नाही.

आणि मग तमाशापट आले. १९५९ चा 'सांगत्ये ऐका', अनंत माने यांचा, पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. जयश्री गडकर त्यातून मोठ्या झाल्या. या एका यशानंतर किती वर्षं मराठी पडद्यावर पाटील, माडी, फड, बैठक हेच चालू राहिलं. तमाशातली बाई म्हणजे एकतर पाटलाला नादी लावणारी नाहीतर मनातून सती-सावित्री असलेली आणि शेवटी मरणारी, तिसरा रस्ताच नाही. ज्या शांतारामबापूंनी 'कुंकू' केला त्यांनीच १९७२ मध्ये 'पिंजरा' केला, आदर्श गुरुजी एका नाचणारीपायी धुळीला मिळतात. संध्याबाईंचं काम जबरदस्त आहे आणि लागूंचं तर बोलायलाच नको, पण मी जेव्हा जेव्हा बघते तेव्हा मला वाटतं की गुरुजींनी फडाला गावाबाहेर घालवलं, त्या बाईचं आणि तिच्या माणसांचं पोट मारलं, तिच्या रागाला चांगलं घसघशीत कारण आहे. सिनेमात ते कारण आहे पण लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त मास्तरचा अधःपात.

आणि खऱ्या फडातली बाई कशी होती? विठाबाई नारायणगावकर. पोटात कळा येत असताना बोर्डावर नाचल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि परत बोर्डावर आल्या असं सांगितलं जातं. १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. अख्खा फड चालवायचा, गाड्या, बिगारी, तंबू, कर्ज, सुपाऱ्या, सगळ्यांची पोटं. म्हणजे चालती बोलती मालकीण, कारखानदार म्हणा. तमाशापटातली बाई कधी हिशोबाची वही घेऊन बसलेली दिसली का तुम्हाला?

ललिता पवारांबद्दल बोलल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. येवल्याच्या. आधी नायिका होत्या, गात होत्या, १९४२ मध्ये एका शूटिंगमध्ये भगवानदादांची थप्पड जोरात बसली आणि चेहऱ्याच्या एका बाजूला इजा झाली, एक डोळा बारीक झाला तो कायमचा. त्यानंतर त्यांना चरित्र भूमिकाच मिळाल्या आणि पुढे खाष्ट सासू म्हटलं की ललिता पवार असं सगळ्या देशात झालं, रामानंद सागरांच्या 'रामायण'मध्ये मंथरापण त्याच. कामावर झालेल्या एका अपघाताचा व्रण आपण दुष्टपणाची खूण म्हणून वाचला! आणि 'अनाडी'मधली त्यांची मिसेस डिसा, वरून कडक आणि आतून मायाळू, तिला फिल्मफेअर मिळालं, म्हणजे त्या बाई काय करू शकत होत्या ते सगळ्यांना माहीत होतं. तरी पुढेही बहुतेक बोलावणी सासूसाठीच.

१९९१ च्या 'माहेरची साडी'ने तर सगळं पक्कं करून टाकलं. मला तो सिनेमा सहन होत नाही, स्पष्ट सांगते. सोसणं हेच बाईचं कर्तृत्व, अजून थोडं सोस, अजून थोडं.

सोलापूरची_पोर:
जुनी तिकिटं ताई, बाकी सगळं पटलं पण 'माहेरची साडी'वर मी भांडणार. आमच्या आईला घेऊन गावातल्या बायका टेम्पो करून गेल्या होत्या बघायला, मी आईच्या मांडीवर होते, नंतर कितीतरी वर्षं आई सांगायची. त्या बायका हॉलमध्ये हमसून हमसून रडल्या. तुम्ही म्हणता सोसायला शिकवलं. अहो त्या आधीच सोसत होत्या, त्यांना शिकवायची गरज नव्हती. घरात रडलं की "काय झालं रडायला" म्हणून ओरडा बसायचा, तिथे अंधारात पन्नास जणी एकत्र रडत होत्या आणि कोणी विचारत नव्हतं. आई म्हणायची त्या दिवशी शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा सांगितलं की त्यांना घरी मारतात. परतीच्या टेम्पोत सांगितलं. म्हणजे अलका कुबलच्या रडण्याचा उपयोग झाला का नाही झाला?

मला असं म्हणायचंय की शहरातल्या शिकलेल्या लोकांना सोशिक बाई बघितली की राग येतो कारण त्यांना वाटतं हे जुनं झालं. आमच्याकडे जुनं झालं नव्हतं. आणि उषा नाडकर्णींची सासू बघून बायका बोटं मोडायच्या ना, ती बोटं घरच्या सासूवर मोडता येत नव्हती म्हणून.

जुनी_तिकिटं:
सोलापूरची पोर, तुझ्या आईचं वाचून थांबले. रडू आलं यात गैर काही नाही आणि टेम्पोतलं ते बोलणं फार मोलाचं, ते मी मान्य करते. माझी तक्रार रडणाऱ्या बायकांबद्दल नाही, त्यांना रडवून झाल्यावर कथेने पुढे काय दिलं याबद्दल आहे. १९८२ चा 'उंबरठा' बघ, जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांची पटकथा, स्मिता पाटील. त्यातली सासू खाष्ट नाही, शिकलेली, स्वतः समाजकार्य करणारी, घरात पैसा, नवरा वकील, चांगला बोलणारा. जाऊ तर इतकी प्रेमळ की सुलभाच्या मुलीला तीच सांभाळते. एकही जण दुष्ट नाही आणि तरी सुलभाला त्या घरात जागा नाही. हे जास्त खरं आहे आणि जास्त भीतीदायक आहे, कारण इथे बोटं मोडायला कोणी सापडत नाही. खाष्ट सासूचा तोटा हाच, ती एकदा सुधारली किंवा जेलमध्ये गेली की प्रेक्षकाला वाटतं प्रश्न सुटला.

नळगंगा:
मी बुलडाणा जिल्ह्यातला, म्हणून एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे, १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली होती, पेपरातून बायकांच्या चारित्र्यावर वाट्टेल ते लिहून येत होतं, तेव्हा ह्या बाईने ठणकावून विचारलं की जे जे दुर्गुण बायकांचे म्हणून सांगता ते पुरुषात नाहीत काय? आणि नुसता समाज नाही, त्या काळच्या नाटका-कादंबऱ्यांत बायका कशा रंगवतात त्याचीपण तिने सालटी काढली आहेत. म्हणजे तुम्ही आज जो प्रश्न विचारला तो आमच्या बुलडाण्यात सव्वाशे वर्षांहून आधी छापून झालेला आहे. महात्मा फुल्यांनी तिची बाजू घेतली, बाकीच्यांनी इतकं झोडपलं की पुढे तिचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते परत छापलं म्हणून आपल्याला वाचायला तरी मिळतं.

दुसरा मुद्दा भाषेचा. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका नागपूरची दाखवली, आपल्या बोलीत बोलते, पुढे मसाल्याचा धंदा उभा करते, आमच्या घरी सगळ्यांना लई आनंद झाला होता की मुख्य बाई आपल्यासारखी बोलते म्हणून. पण बघा बरं, ती बोली तिला दिली कशासाठी, तर ती साधी भोळी गावंढळ आणि नवऱ्याची मैत्रीण शनाया शहरी फॅशनेबल हे दाखवायला. आजपर्यंत एकातरी मालिकेत कलेक्टर बाई वऱ्हाडी बोलताना पाहिली का? वकील बाई मालवणी बोलताना? आमच्याकडे डॉक्टर बाया पेशंटशी वऱ्हाडीतच बोलतात आणि इंग्रजीत प्रिस्क्रिप्शन लिहितात, काही अडत नाही त्यांचं.

रंगाचंपण तेच. सावळ्या मुलीची गोष्ट म्हणून 'रंग माझा वेगळा' आली, चांगली गोष्ट, पण त्यासाठी उजळ अभिनेत्रीला मेकअप करून सावळं केलं. महाराष्ट्रात सावळी अभिनेत्री सापडली नाही असं म्हणायचं का आता?

पडद्यामागे:
मी मालिकांसाठी संवाद लिहितो. नाव-गाव सांगत नाही, चॅनलचंही नाही, पण साचा रोजच्या कामात कसा तयार होतो ते सांगावंसं वाटतं कारण वर सगळं कथा, परंपरा यावर बोलणं झालं आणि अर्धं कारण सेटवर आहे.

मालिका आठवड्यातून सहा दिवस, रोज वीस-बावीस मिनिटांचा मजकूर. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणती मालिका किती बघितली गेली ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात आणि शुक्रवारपासून कथेचा ट्रॅक बदलतो. कायमचा सेट एकच, हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, अंगणात तुळस. ऑफिसचा सेट लावायचा तर वेगळा खर्च. आता मला सांगा, पुरुष पात्र सकाळी "येतो गं" म्हणून ऑफिसला गेलं की ते दिवसभर कॅमेऱ्याच्या बाहेर. मग भांडण, कारस्थान, रहस्य जे काय घडवायचं ते घरात दिवसभर हजर असलेल्या माणसांमध्ये घडवावं लागतं. ती माणसं म्हणजे बायका. म्हणून खलनायक घरातलीच बाई, सासू, काकू, जाऊ, आत्या. एकत्र कुटुंबही म्हणूनच हवं असतं, एखाद्या कलाकाराच्या तारखा नसल्या तर दुसरीवर ट्रॅक ढकलता येतो. आणि घराबाहेरची जी एकच बाई आत येऊ शकते ती नवऱ्याच्या ऑफिसातली, म्हणून नोकरी करणारी बाई आली की ती संसार मोडायलाच येते. ह्या सगळ्यात बायकांबद्दलचा आकस जितका आहे तितकंच बजेट आहे.

ब्रीफ येतं त्यात प्रत्येक बाईपुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहिलेलं असतं. पुरुषांपुढे बऱ्याचदा तसं नसतं, "हळवा पण निर्णय न घेऊ शकणारा" वगैरे असतं. पुरुषाला स्वभाव मिळतो आणि बाईला खूण मिळते. मी त्यावरून भांडलोय, अजून भांडतो.

पण प्रेक्षकाला काही नको असतं असं म्हणू नका. 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये सुनेने सासूचं दुसरं लग्न लावून दिलं, लोकांनी डोक्यावर घेतलं. 'आई कुठे काय करते'मधली अरुंधती पन्नाशीच्या आसपास घराबाहेर पडली, गाणं केलं, दुसरं लग्न केलं. कथा बंगालीवरून घेतलेली होती पण इथल्या बायकांनी तिला आपलं मानलं. आणि माझ्या मते त्यातली जास्त महत्त्वाची गोष्ट संजनाची आहे, ती "दुसरी बाई" म्हणून आली आणि हळूहळू तिलाही दुखणं मिळालं, बाजू मिळाली.

कृष्णाकाठ:
केवढं मिळालं वाचायला, सगळ्यांचे खूप आभार. संध्याकाळी जाहिरात लागली की आवाज बंद करून सासूबाईंना एकेक रिप्लाय वाचून दाखवत होते, गीतेवर त्या बराच वेळ बोलत राहिल्या, त्यांच्या आत्याबाई तशाच होत्या म्हणे. भोंडल्याचं ते मूळ आलं गाणं त्यांना पूर्ण येतं, म्हणून दाखवलं, मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं.

पडद्यामागे दादा, तुम्हाला एक विचारायचंय. सेट तोच, बजेट तेच, सासू खाष्टच ठेवायची आहे असं धरलं, तरी तिला माणूस करता येतं का? की चॅनल करूच देत नाही?

पडद्यामागे:
येतं. एक उदाहरण देतो, मालिकेचं नाव विचारू नका. सीन असा होता की सुनेचा पहिला पगार सासू मागते. ब्रीफमध्ये होतं, लोभी आहे, दागिने करायचे आहेत. मी एवढंच केलं की आधीच्या एपिसोडमध्ये दोन ओळी घातल्या, घर सासऱ्यांनी जाताना दोन मुलांच्या नावावर केलंय आणि मोठा ते विकायचं म्हणतोय. झालं. आता तीच बाई तोच पगार मागते, तितकीच कडवट बोलते, सुनेला तितकाच त्रास होतो, पण बघणाऱ्याला कळतं की हिच्या नावावर जगात काही नाही आणि ही घाबरलेली आहे. जास्तीचा सेट नाही, जास्तीचा कलाकार नाही, म्हणून कोणी हरकत घेतली नाही. ज्या बाई ती भूमिका करत होत्या त्यांनी मला मेकअप रूममध्ये बोलावून विचारलं की अजून असं काही देता येईल का. पुढे आकडे पडले, मग वरून आलं की सासू पुन्हा कडक करा, आणि त्यांना परत खिरीत काहीतरी कालवायला लावलं. तो एपिसोड मी लिहिला नाही. पण त्या मधल्या काळात त्या सासूच्या बाजूने प्रेक्षकांचे जितके मेसेज आले तितके नायिकेच्या बाजूनेही आले नव्हते, हे चॅनलमधल्या लोकांनीच सांगितलं.

जात्यावरची:
पडद्यामागे, तुम्ही ज्या दोन ओळी घातल्या ना, घर मुलांच्या नावावर, तेच ते सासू-सासरा-दीर-नवरा असं वर वर जाणारं गाणं आहे. जमेल तेव्हा अशा ओळी घालत राहा.

कृष्णाकाठ:
दादा, सासूबाईंना तुमचा सीन सांगितला. त्या म्हणाल्या मी सांगते तसं टाइप कर, म्हणून जसंच्या तसं लिहितेय: "त्या लेखकाला सांग, सासूला जेलात घालू नका आणि देव्हाऱ्यातपण बसवू नका. ती सकाळी उठून बँकेत जाते, पासबुक भरून आणते, तिथल्या क्लार्कशी व्याजावरून भांडते आणि येताना मैत्रिणीबरोबर उसाचा रस पिते, असं एकदा दाखवा. सुनेशी भांडण संध्याकाळी लावा, माझी हरकत नाही." बँकेचा सेट लागेल हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या आमच्या इथल्या बँकेत येऊन शूटिंग करा. जमेल का दादा?